कवळीवालीची पोवळी

माझी मावशी दुसऱ्यांच्या तोंडावर जगते. म्हणजे ती कवळ्या करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेतात, तो तिच्याकडे पाठवतात, आणि ती मागच्या खोलीत बसून त्यावरून आधी मेणाचा नमुना, मग गुलाबी हिरड्या, मग त्यांत एकेक दात अशी अख्खी बत्तिशी उभी करते. माणूस कधी समोर येत नाही, जबडा येतो. त्यामुळे तिला गावातली माणसं चेहऱ्यानं कमी आणि जबड्यानं जास्त ओळखू येतात. बाजारात मध्येच माझा दंड धरून म्हणेल, "तो बघ, टोपीवाला. खालची सैल झालीय त्याची, पण मेला डॉक्टरकडे जायचा नाही." कुणाच्या अंत्यदर्शनाला गेलो की सगळे खाली मान घालून उभे असतात आणि ही गेलेल्याच्या तोंडाकडे टक लावून. मग माझ्या कानाशी येऊन सांगणार, "वरची माझी आहे. खालची कुणी केलीय देव जाणे, पोत्याला टाके घातल्यासारखी."

कुणी तिला हसलं तर तिचं उत्तर ठरलेलं. "हसतील त्यांचे दात दिसतील. आणि निम्मे माझेच असतील."

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. आता निवृत्त आहेत. आयुष्यभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट एक ना एक दिवस अडकणार, नाहीतर पडणार, अशी त्यांची पक्की समजूत आहे. कपाटावर बरणी ठेवली, "पडणार." भिंतीवर घड्याळ लावलं, "पडणार." बाकी बोलणं कमी. मावशी त्यांना अहोजाहो करते, पण अहोजाहोत किती शिव्या बसतात हे मी त्याच घरात शिकले. "अहो, तुमच्या डोक्यात भुसा भरलाय का?" यात आदर कुठं कमी पडला, सांगा!

त्यांना मूलबाळ नाही. मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे येता-जाता त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर माझी चक्कर असतेच. म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

झालं असं, की मावशीला काम देणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेची एक मोठी टाकी होती. तीत एकच मासा, दिवसभर तोंड उघडायचा नि मिटायचा. पेशंटना सराव व्हावा म्हणून ठेवला होता, असं मावशी म्हणते. मासा वारला, डॉक्टरांनी गाशा गुंडाळला आणि टाकी मावशीच्या गळ्यात पडली. तीत प्लास्टरची पोती ठेवायची असा मावशीचा बेत होता. फक्त वर झाकण हवं होतं. ते मिळतंय का बघायला ती मला घेऊन माशांच्या दुकानात गेली.

दुकानाचा मालक काडीसारखा माणूस. मासे दचकतात म्हणून तो कायम कुजबुजत बोलायचा. मावशीनं त्याचं बारसं तिथल्या तिथं उरकलं, कुजबुज्या. झाकणाचं माप सांगता सांगता तिची नजर मागच्या टाकीवर गेली आणि ती बोलायची थांबली. असं क्वचित होतं. निळ्या उजेडात दगडावर काहीतरी गुलाबी, मांसल, ओलं बसलं होतं आणि पाण्याबरोबर हळूहळू डुलत होतं.

"अगं, ही हिरडी!" मावशी ओरडली. दोन मासे दगडाआड पळाले.

"कोरल आहे ते," कुजबुज्या कुजबुजला. "प्रवाळ. जिवंत प्राणी."

"म्हणजे पोवळं? अंगठीत घालतात ते?"

"ते त्याचं हाड. हे ते स्वतः."

मावशी काचेला नाक लावून उभी राहिली. गुलाबी मसाला घोळून घोळून तिनं आयुष्यभर हिरड्या केल्या होत्या. रंग जुळवला होता, शिराही रंगवल्या होत्या. पण तिची एकही हिरडी कधी श्वास घेतल्यासारखी हलली नव्हती. आणि इथं ही फुकटची डुलत होती. झाकणाचं राहूनच गेलं. आम्ही खाऱ्या पाण्याचं मीठ, वाळू, सच्छिद्र दगड, दोन पंप आणि एक निळा दिवा घेऊन घरी आलो. वाटेत मावशी एवढंच म्हणाली, "काकांना मी सांगेन. तू गप्प बस."

मावशीच्या कामाच्या खोलीत टाकी ठेवायला कुजबुज्यानंच मनाई केली. तो टाकी मांडायला घरी आला, त्यानं दारातूनच हिरड्यांच्या रसायनाचा वास घेतला, प्लास्टरची धूळ बघितली आणि म्हणाला, "इथं माणूस टिकला हेच नवल." तेव्हा टाकी हॉलमध्ये आली, टीव्हीच्या जागी. टीव्ही गेला बाजूच्या स्टुलावर, आणि काका मान वाकडी करून बातम्या बघायला लागले. त्यांनी टाकीखालच्या टेबलाचे पाय हलवून पाहिले, पाण्याचं वजन मनात मोजलं आणि निकाल दिला. "पडणार. खालच्यांच्या ताटात."

पाणी भरलं, मीठ विरघळलं, दगड रचले, पंप घुमायला लागला. आणि मग काहीच झालं नाही. कुजबुज्या सांगून गेला होता की नवी टाकी म्हणजे नवं भांडं नव्हे, आणलं नि वापरलं. दगडावाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव रुजावे लागतात, घाण खाऊन पचवणारे. ते बस्तान बसवेपर्यंत थांबायचं.

पहिले काही दिवस मावशी थांबली. पाहुण्यांना ती अभिमानानं दगड दाखवायची. पाहुणे अभिमानानं दगड बघायचे. मग दगडांवर तपकिरी साय धरली, काच बुळबुळीत झाली, वाळूला मळकट रंग आला.

"तू हॉलमध्ये गटार मांडलंयस," काका म्हणाले.

"अहो, तुम्हाला दात आले तेव्हा आधी लाळच गळली होती ना? एकदम बत्तिशी आली होती का?"

उत्तर झणझणीत होतं, पण तिचाच धीर सुटत चालला होता. कामही मंदावलं होतं तिचं. मोठे दवाखाने आता यंत्रावर दात छापून घ्यायला लागले होते. पूर्वी जबड्यांनी भरलेलं तिचं टेबल आता पुसून ठेवता येईल इतकं मोकळं असायचं. मोकळा हात आणि रिकामी टाकी, याहून वाईट जोडी नाही.

एक दिवस ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका झगमगीत दुकानात गेली. तिथल्या विक्रेत्यानं विचारलं, "टाकी किती जुनी आहे, मॅडम?"

"वीस वर्षं," मावशी म्हणाली. मला नंतर म्हणते, "काचेचं वय सांगितलं. खोटं कुठं बोलले?"

वीस वर्षांच्या टाकीला शोभेल असं त्यानं कोरल दिलं. फांद्याफांद्यांचं, दगडासारखं कडक, टोकांना जांभळी झाक. त्या दुकानातलं सगळ्यात देखणं, आणि सगळ्यात नाजूकही, पण ते तिनं विचारलं नाही. घरी आणून, पिशवी फोडून, टाकीच्या अगदी वरच्या दगडावर, दिव्याच्या बरोबर खाली, मुकुट ठेवावा तसं तिनं ते ठेवलं. संध्याकाळी मला बोलावून घेतलं. काकासुद्धा मान सरळ करून बघत होते.

पुढच्या खेपेला गेले तर जांभळी झाक नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेला फांद्या बुडाकडून पांढऱ्या होत होत्या.

"किती स्वच्छ दिसतंय बघ," मावशी म्हणाली. जन्मभर पांढऱ्याचीच पूजा केलेली बाई ती. दातांच्या छटांचा पट्टा आणून तिनं काचेला लावला आणि सगळ्यात उजळ दाताच्याही पलीकडची छटा आहे म्हणून खूश झाली. मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण मावशीला सांगणार कोण? शेवटी काकाच म्हणाले, "त्याच्या अंगावरून काहीतरी सुटून वाहतंय."

तेव्हा तिनं कुजबुज्याला फोन केला. तो आला आणि टाकीसमोर उकिडवा बसून फांदी न् फांदी निरखायला लागला. मावशीनं न विचारता सगळं सांगून टाकलं. दुसरं दुकान, वीस वर्षं, सगळं.

"मावशी, हे गेलं," तो म्हणाला. "पांढरं दिसतंय ते हाड आहे. मांस गळून गेलं."

मावशी पाहत राहिली. मग बाही वर करून तिनं हात घातला, ते बाहेर काढलं आणि नळाखाली धुवायला घेऊन गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. परत आली तेव्हा डोळे लाल होते. हॉलमधलं मीठ डोळ्यांत गेलं असं तिनं सांगितलं. त्यावर काकांनी एक अक्षरही काढलं नाही, आणि माझ्या आठवणीत "पडणार" म्हणायची इतकी चांगली संधी त्यांनी पहिल्यांदाच सोडली.

"चूक माझी नाही, दिव्याची आहे," थोड्या वेळानं मावशी म्हणाली.

"दिव्याचीही आहे," कुजबुज्या म्हणाला. त्याला माणसं कळत होती. "पहिलं कोरल असं आणावं, मावशी, की ज्याला मारायला गेलं तरी मरत नाही."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं."

"तसंच. दिसायला साधं, पण चिवट."

काका स्टुलावरच्या टीव्हीकडे बघत हसले असावेत, खांदे हलले.

त्यानंतर मावशीनं खरोखर धीर धरला. गोगलगायी आल्या, त्यांनी काच चाटून साफ केली. दगडांवरची तपकिरी साय गेली, जागोजागी जांभळट डाग उमटले, ते चांगलं लक्षण असतं म्हणे. मावशी कुजबुज्याकडे बाटलीतून पाण्याचा नमुना न्यायची आणि तो मान हलवायचा, आडवी. परत न्यायची, परत आडवी. एके दिवशी त्यानं मान उभी हलवली. मावशी इतक्या जोरात "आई गं!" म्हणाली, की दुकानातल्या सगळ्या माशांनी एका दमात तोंडं फिरवली.

पहिली कोरलं घेऊन तो स्वतः आला. तीन पिशव्या होत्या. एकीत दगडाच्या खपलीवर हिरवी लव, म्हणजे बारीक बारीक ताऱ्यांच्या आकाराची तोंडं, पण आता ती सगळी आत ओढून घेतल्यामुळे नुसतं जांभळं चामडं दिसत होतं. दुसरीत शर्टाच्या बटणांएवढी गोल गोल फुलं, तीही मिटलेली. तिसरीत एक मळकट तपकिरी चकती, कुत्र्याच्या कानासारखी.

"हे काय?" मावशीनं तिसरी पिशवी उजेडात धरली.

"याला मशरूम म्हणतात. आळंबीसारखं दिसतं म्हणून."

"हे तुम्ही मला मुद्दाम आणलंय. सूड म्हणून."

"हे सगळ्यांत शेवटी मरतं, मावशी."

मग काम सुरू झालं. पिशव्या न फोडता आधी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं ऊन-गार एक व्हावं म्हणून. नंतर कोरलं वाडग्यांत काढली. टाकीतून एक बारीक नळी वाडग्यात सोडली, तिला गाठ मारली आणि त्या गाठीतून टाकीचं पाणी थेंब थेंब पडू लागलं. मावशीनं दोनदा गाठ सैल करायचा प्रयत्न केला. कुजबुज्यानं दोनदा घट्ट केली.

"यांना हे पाणी परकं आहे. सवय होऊ दे."

"मी सासरी आले तेव्हा माझ्यासाठी कुणी गाठ मारून बसलं नव्हतं."

"मी बसलो होतो," काका म्हणाले. मावशीनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते लगेच पंप तपासायला गेले.

सवय झाल्यावर आंघोळ. चहाच्या रंगाचं औषध कालवलेल्या पाण्यात कोरलं बुडवून हलवायची, अंगावरची कीड सुटावी म्हणून. दुसऱ्याच्या घरची घाण आपल्या टाकीत नको. बटणांच्या दगडाला मावशीनं दोन झटके दिले आणि त्याच्या पोटातून एक लांब, केसाळ, बहुपाय किडा वळवळत बाहेर आला. मी मागं सरले. मावशी पुढं वाकली.

"माणसांच्या ठशांत याहून वाईट निघतं," ती म्हणाली. "एकदा मटाराचा दाणा निघाला होता. अख्खा."

कुजबुज्यानं तिला हातमोजे घालायला लावले. बटणांच्या अंगात विष असतं, चुकून डोळ्यांत उडालं किंवा हाताला चीर असेल तर माणूस आडवा होऊ शकतो. हे ऐकल्यावर मावशीचा बटणांबद्दलचा आदर एकदम वाढला.

चिकटवायची वेळ आली तशी ती आतून हिरड्यांचा मसाला घेऊन आली. "नको," कुजबुज्या म्हणाला. "माझा मसाला माणसांच्या तोंडात टिकतो!" "तोंडात टिकेल. इथं मरतील सगळे." मग साधा, घट्ट सुपरग्लू. पण हात मात्र तिचेच. आंधळ्यानंही बघत राहावं असं तिनं ते केलं. पाण्याखाली, फक्त दोन बोटांच्या टोकांनी, दगडाच्या खाचेत कोरल टेकवलं, किंचित फिरवलं, धरून ठेवलं, सोडलं. बसलं. तेही टाकीच्या खालच्या अंगाला, जिथं दिवा बेताचा पोचतो. मुकुटाची जागा या खेपेला तिनं रिकामीच ठेवली.

मशरूमनं मात्र तिची जिरवली. त्याचं अंग बुळबुळीत, गोंद धरेना. तीन वेळा चिकटवलं, तीन वेळा ते निसटून तळाला गेलं.

"हे गोंदानं राहत नाही," कुजबुज्या म्हणाला. "वाटीत खडे घालून त्यात ठेवा, वर जाळी लावा. त्याच्या मर्जीनं धरेल."

"ज्याला मी बसवू शकत नाही असं काहीही आजवर जन्माला आलेलं नाही," मावशी म्हणाली. आणि मुकाट्यानं वाटी आणायला गेली.

काम संपलं. दिवा मंद केला. आम्ही चौघं खुर्च्या ओढून टाकीसमोर बसलो. जांभळं चामडं, मिटलेली बटणं आणि वाटीत एक कुत्र्याचा कान. एखाद्या दाताच्या दवाखान्यातही याहून जास्त करमणूक असते. कुजबुज्या म्हणाला, आता फक्त बघायचं, हात घालायचा नाही. आणि गेला.

मावशी दातओठ खात बसून राहायची. काकांचं बघणं मात्र वेगळं. टीव्ही बंद करून ते स्टूल टाकीकडे ओढायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी कान लावून बसावं तसे. सकाळी सातच्या बातम्या त्यांनी सोडल्या तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. हिरवी लव पहिल्यांदा उघडली ती त्यांनाच दिसली. मला दुकानात फोन केला. काका फोन करत नाहीत. मला वाटलं, मावशी गेली.

"आली," ते म्हणाले.

"कोण आलं?"

"बाहेर आली. सगळी."

मी पांढरा कोट न काढताच धावले. चामडं कुठंच नव्हतं. त्या जागी हिरवंगार, वाऱ्यावरच्या गवतासारखं डुलणारं काहीतरी होतं. प्रत्येक काडीला आठ बोटांचा तारा. मावशी नाइटगाऊनवर उभी होती, तोंडात दात घासायचा ब्रश तसाच. फेस हनुवटीवर. बोलता येत नव्हतं, आणि बहुतेक बोलायचंही नव्हतं. दुपारपर्यंत बटणंही उघडली, नारिंगी मध्य आणि हिरवी कड. त्या दिवशी एका पेशंटचे वरचे पुढचे दोन दात मावशीनं उलटे बसवले. तो माणूस अजून तसाच हसतो.

मग आला तो मलमाचा दिवस.

मी दुपारी गेले तर जिन्यातच मावशीचा आवाज. दार उघडलं तर हॉलभर फेस. टाकीच्या मागं एक नळकांडं असतं, पाण्यातली घाण फेसाच्या रूपानं वर काढणारं. त्याला जणू वेड लागलं होतं. फेस नळकांड्यातून उसळून टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून चटईवर. खालचे शेजारी छताला डाग पडलाय म्हणून दारात. आणि टाकीत सगळं मिटलेलं. गवत गेलं, चामडं उरलं. बटणं मुठी आवळून बसलेली.

"कुणी हात घातला?" मावशी विचारत होती. घरात ती आणि काका, दोघंच. तरी ती "कुणी" म्हणत होती. "कुणी घातला हात?"

काका चटई पिळत होते. मी त्यांच्या शेजारून गेले आणि मला वास आला. मी दिवसभर औषधांत उभी असते. त्या मलमाचा वास मी झोपेतही ओळखेन. मनगट दुखतं म्हणून त्यांनी ते आमच्याच दुकानातून नेलं होतं. मी काही बोलले नाही. पण माझं नाक हललं असावं, आणि मावशी माझ्या नाकावर नजर ठेवूनच होती. तिनं काकांचा उजवा हात धरून वास घेतला.

"अहो! पोवळ्यांना मलम चोळलंत तुम्ही? त्यांचे काय सांधे दुखत होते?"

काकांनी हात हळूच सोडवून घेतला.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! सगळं मारलंत! एवढी वाट बघून, एवढं करून..." आणि मग शिव्यांची अशी सरबत्ती सुटली की खालचे शेजारी छताचा डाग विसरून ऐकत उभे राहिले. सगळी अहोजाहोत.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा काका म्हणाले, "ते अडकणार होतं."

"काय?"

"ते तपकिरी. वाटीतून सुटलं होतं. जाळी सरकली होती. पाण्याबरोबर पंपाकडे चाललं होतं, तोंडाशी पोचलं होतं. तू आत मशीनवर होतीस. हाक मारली, ऐकू आली नाही." त्यांनी चटईचं एक टोक पिळलं. "मलम मी विसरलो. हात घातला."

मावशीनं टाकीकडे बघितलं. जाळी खरंच बाजूला पडली होती आणि मशरूम वाटीत परत होतं. त्यावर आता बशी पालथी घातली होती, आणि बशीवर लिफ्टचा एक जुना जाड नट, उडू नये म्हणून.

"तो नट काढा आधी," ती म्हणाली. "गंजेल." आवाज उतरला होता. "आणि बादल्या आणा. दोन्ही. उभे काय राहिलात?"

आपलेच दात, आपलेच ओठ. शेजाऱ्यांना मी वाटेला लावलं. कुजबुज्यानं फोनवर सांगितलं तसं निम्मं पाणी काढून नवं खारं पाणी भरलं, मलम शोषून घ्यायला कोळशाची पुडी पंपाच्या वाटेत टांगली. काका पाणी उपसत होते, मावशी मीठ ढवळत होती. मध्येच तिनं विचारलं, "मनगट कधीपासून दुखतंय?" काका म्हणाले, "बरेच दिवस." "मग सांगता येत नाही?" "तू विचारलं नाहीस." "मी जबडे बघते हो, मनगटं नाही." पण बादली मात्र तिनं त्यांच्या हातातून घेतली.

कोरलांनी मावशीहून लवकर माफ केलं. आधी गवताची एक कड उघडली, मग सगळं गवत, मग बटणं. मावशीनं टाकीवर कागद चिकटवला: "हात कोपरापर्यंत धुवा." खाली काकांनी लिहिलं: "दोघांनीही."

मशरूमनं शेवटी दगड धरला, पण मावशीनं नेमलेला नव्हे, शेजारचा. तिथं ते फुगून बशीएवढं झालं आणि त्याच्या मळकट तपकिरी अंगावर निळे ठिपके आले. मग ते मधोमध आवळायला लागलं. मावशीला वाटलं, आता हेही चाललं. एका रविवारी बघतो तर एकाची दोन झालेली, पाठीला पाठ लावून बसलेली. मावशी म्हणाली, "बघा, भांडण होऊन वेगळे राहिले." काका म्हणाले, "शेजारीच राहिलेत."

हिरव्या लवीनं तर कहर केला. दगड व्यापला, मग काच चढायला लागली, मग पंपावर. तिला आवरायला मावशीनं कवळ्या घासायचं आपलं छोटं यंत्र काढलं, बारीक चकती लावली आणि लवीचे तुकडे कापून छोट्या दगडांवर बसवले. इतके, की ठेवायला जागा नाही. ते तिनं कुजबुज्याकडे नेले. त्यानं एक हातात घेतला, उलटा केला, कापलेली कड बघितली. मग दुकानाच्या मागच्या खोलीत तिला घेऊन गेला. तिथं कापायची वाट बघणाऱ्या कोरलांची एक टाकीच भरलेली होती.

आता आठवड्यातून काही सकाळी मावशी तिथं असते. कवळ्यांचं काम पार थांबलेलं नाही. काही हट्टी म्हातारे अजून छापलेल्या दातांना तोंड लावत नाहीत, त्यांच्यासाठी ती मागची खोली उघडते. पण सकाळची ऐट वेगळीच. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर ढाल, ढालीवर वाळलेल्या मिठाचे ठिपके. मालक कुजबुजतो आणि कामवाली ओरडते असं गावातलं ते एकमेव दुकान. गिऱ्हाइकांना वाटतं, दुकान तिचंच आहे. कुजबुज्यानं त्यांची समजूत घालायचा एकदा प्रयत्न केला, पण कुणाला ऐकू गेलं नाही.

परवा मी जेवणाच्या सुट्टीत तिकडं गेले होते. मावशी एका गुलाबी, जाड ओठांच्या कोरलावर वाकली होती. चकती गुरगुरत होती, थंड पाण्याचा बारीक फवारा उडत होता. शेजारी काका, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वाडगं धरून.

"अहो, हलू नका," ती म्हणाली.

"हलत नाहीये."

"श्वाससुद्धा घेऊ नका."

काकांनी श्वास रोखला. तिनं कापलं. तुकडा अलगद वाडग्यात पडला, गोळा झाला, आणि आम्ही तिघंही तो पुन्हा पसरतोय का बघत वाकून उभे राहिलो.